ओल्या लंगोटाचं वजन

रात्री दोनला मी लंगोट तोलते.
कोरा अठरा ग्रॅम, ओला एकवीस.
तीन ग्रॅम म्हणजे तीन मिलिलिटर,
वहीत लिहिते, न्यानझालाला दाखवते.
तिला वाचता येतं,
पण ती आकड्याकडे नाही,
माझ्या भुवयांकडे बघते.

म्वान्झाच्या टेकडीवर आमचं इस्पितळ.
खिडकीखाली तळं, एवढं पाणी
की पलीकडचा काठ नुसता ऐकून ठाऊक.
आणि इथे, नऊ दिवसांच्या पोराच्या पोटात
एकच किडनी. दुसरी धरलीच नाही.
त्या एकीच्याही तोंडाशी
वाट मिटलेली.
सोनोग्राफीत तुंबलेलं पाणी काळं दिसायचं,
गोल, जवळजवळ सुंदर.

डॉक्टर कोकुसिमा म्हणाल्या,
दोन असत्या तर मी थांबले असते,
पुष्कळदा वाट आपली आपण उघडते.
मग लुसांगिजाला विचारलं,
तू मासेमार ना,
जाळं तळाशी अडकलं तर काय करतोस?
तो बराच वेळ बोलला नाही.
जाळं एकच असेल, म्हणाला,
तर पाण्यात उतरतो.

सही वाकडी आली.

मी तिथे नव्हते. भूल देणाऱ्या रुगेने सांगितलं:
दोरा असा की हातमोज्यावर सापडेना.
अरुंद तेवढं कापून काढलं,
तांदळाच्या दाण्याएवढं,
आणि उरलेली टोकं तिरकी छाटून
भिंगाखाली जोडली, अकरा टाके.
नवव्याला वीज गेली.
जनरेटर घरघरेपर्यंत डॉक्टरांचे हात
होते तिथेच, हवेत.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

आज तिसरी रात्र.
पोराला नाव नाही अजून,
वहीत नुसतं ‘न्यानझालाचा’.
तिचं नाव मात्र दुष्काळातलं,
भुकेच्या वर्षी जन्मली म्हणून.
मी विचारलं, याचं काय ठेवणार?
म्हणाली, आधी मुतू दे.

चारला अठरा. म्हणजे शून्य.
तराजू हलवला, पुन्हा ठेवला,
अठरा.
बाहेर काठावर कुणीतरी
सुकत घातलेली डागा मासळी उलथत होतं,
वाळूवर चांदीचा खरखराट.
मी नळी तपासली. दाबलेली नव्हती.
डॉक्टरांना फोन लावावा का,
पाच वाजेपर्यंत ठरवत राहिले.

साडेपाचला लंगोट हाताला जड लागला.
काटा एकेचाळीसवर.

न्यानझाला बाकावर झोपलेली,
तोंड उघडं, एक चप्पल पायात.
उठवलं नाही.
ओला लंगोट लगेच बादलीत टाकायचा,
असा नियम आहे.
मी तो तराजूवरच राहू दिला.
जागी होईल तेव्हा
आकडा तिचा तिने वाचावा.