मैदानाकडे पाठ

रांजणगावच्या कंपनीनं मला तीन महिने तुरीनला धाडलं,
गिअरबॉक्सचं दुखणं कानानं ओळखायला शिक म्हणून.
एका रविवारी लाइनवरचा फ्लाव्हिओ म्हणाला, चल,
आणि मी उभा राहिलो गोलमागच्या उतारावर,
जिथं खुर्च्या आहेत पण बसायचं नसतं.

खाली कठड्यावर एक माणूस चढलेला.
हातात भोंगा, घसा फाटलेला,
तोंड आमच्याकडे, मैदानाकडे पाठ.
अख्ख्या मॅचमध्ये त्यानं चेंडू पाहिला नाही.
आम्ही जरा थंडावलो की शिव्या घालायचा,
पथकात हात चुकला की तापकीर सर घालतात तश्शा,
पोटातून.
गोल झाला तेव्हा माणसं एकमेकांवर कोसळली,
धूर लाल झाला, माझा चष्मा गेला,
आणि तो भोंगेवाला वाकून मलाच विचारत होता,
बोटांनी:
कोणी मारला?

हे मी हर्षलला शंभरदा ऐकवलंय.
हर्षल माझा आतेभाऊ, शेफिल्डला दोन वर्षं शिकून आलेला.
आता दर शनिवारी बाणेरच्या पबात
लाल टी-शर्टातल्या चाळीस जणांत बसतो.
तो म्हणतो, भोंगा लागतोच कशाला?
तिकडे एखादा म्हातारा पाव खात असतो,
समोरच्या बॅकचं सुटलेलं पोट बघतो,
चर्चमधल्या जुन्या चालीवर एक ओळ सोडून देतो,
आणि ती संपायच्या आत अख्खा स्टँड त्याच्या मागे.
हरत असले तर स्वतःवरच गातात.
तुमची ती पलटण रे. आमची टवाळी.

मी म्हणतो, आणि आता?
तिकीट परवडत नाही, टाळ्यासुद्धा पाहुणे वाजवतात.
तो ग्लास फिरवत राहतो.
माणसं जाळीला चिरडून मेली तिथं, म्हणतो,
म्हणून बसवलं सगळ्यांना.

मग मीही सांगतो जे एरवी गाळतो:
परतताना पुलावर कुणीतरी माझ्याकडे बघून
माकडाचा आवाज काढला.
आमच्याच रंगाच्या मफलरीतून.
फ्लाव्हिओ स्वतःच्या बुटांकडे बघत चालला होता.

तरी त्यांचा तो बॅनर डोळ्यांपुढून जात नाही.
गॅरेजात रात्रभर हातानं रंगवलेला,
त्यावर कुणाचा चेहरा नाही.
समोरच्यांनी पळवला तर गट मोडायचा, कायमचा,
असा म्हणे नियम.
आमच्या दापोडीत फ्लेक्स पळवला तर
कुणाच्या तरी पत्र्यावर जातो,
आणि भाऊंचा वाढदिवस, बत्तीस शुभेच्छुकांसह,
गळती थांबवतो.

परवा खडकीला मॅच होती, बोपोडी ब्लूजची.
प्रेक्षक एकोणीस.
मी पथकातला ताशा नेला होता.
दुसऱ्याच मिनिटाला रेफरी आला धावत:
ओ, शिट्टी ऐकू येत नाही, बंद करा ते.
मी काड्या खाली ठेवल्या.
आणि हर्षल, आरतीच्या चालीत, अगदी हळू:
शिट्टी ऐकू येईना, रेषा काही दिसेना,
चष्मा द्या हो कुणी, साहेबांना सोसेना.
एकोणिसातले सतरा लागले गायला.
समोरचा गोलकीपरही हसला.
ठीक आहे. तो एक त्याला दिला.

सेल्वमणी अक्का मात्र गात नव्हत्या.
आमच्या गोलकीपरची आई.
प्रत्येक मॅचला येतात,
कडुनिंबाखाली स्कूटी लावतात,
मांडीवर डबा, मैदानाकडे पाठ.
जोएलला लागताना बघवत नाही, म्हणतात.
आवाज झाला की मान न वळवता विचारतात.

शेवटच्या मिनिटाला झाला.
काय झालं? अडवला का जोएलनं?

हर्षलनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.
अडवला, आम्ही एकदमच म्हणालो.
गेला होता.
जोएल जाळीत हात घालून चेंडू काढत होता,
आणि अक्कांनी डब्याचं झाकण उघडलं.