सातवी नाव

पनिश बंदरामागे, जिथे सार्डिनचे डबे भरायचे
त्या शेडमध्ये आता झुल्मिरा रात्रपाळी करते.
यंत्राच्या पोटातली हवा उपसून झाली
की चोवीस नावा पेटतात.
बोटभर लांब, राखाडी.
खरंच, नावच म्हणतात त्यांना कारखान्यात.

तार येते, नावेत टेकते, थेंब होते,
थेंबाची वाफ.
वर प्लास्टिक पळतंय, थंडगार रुळाला पाठ लावून,
वितळायला त्याला सवडच नाही.
वाफ त्याच्यावर बसते नि चांदी होते:
केसाचे दोन हजार पदर काढले तर त्यातला एक.

तिच्या बापाची, आदेलिनूची, एकच नाव होती.
तिला त्याने आपल्या आईचं नाव दिलं
आणि गावाने दोघींना नावं ठेवली,
म्हातारीला गळती लागलीय म्हणाले.
गळत नव्हती.
एका फेब्रुवारीत नुसती आली नाही.

झुल्मिराच्या नावा चरे पडून मरतात.
पाळी संपली की चिमट्याने उचलायच्या, नव्या लावायच्या.
नाव कुणालाच देत नाही ती.
फक्त सातवी जरा तिरकी पेटते,
तिच्याशी बोलते, काचेतून, हळू.

पहाटे रोलचा तुकडा कापून
दिव्यासमोर धरते.
चांदीच्या आरपार दिवा निळा,
खोल पाण्यातून दिसावा तसा,
आणि धुळीचा कण बसला होता तिथे
टाचणीएवढा पांढरा.

वहीत लिहिते:
भोक, एक.
रांग, सातवी.
तुकडा घडी करून
एप्रनच्या खिशात.