मठार

तिसरी केस. निजामपूरकर, मुकुंद रामचंद्र,
वय एकाहत्तर, धंदा तांबट, राहणार भांडी बाजार.
फॉर्मच्या कोपऱ्यात कुणीतरी पेनानं लिहिलंय :
ऐकू येत नाही.

म्हणजे ‘श्वास धरा’ म्हणून उपयोग नाही.
पायाच्या अंगठ्याला हात लावला की धरायचा,
काढला की सोडायचा, असं ठरलं आमचं
खाणाखुणांनी.

मी शिशाचा एप्रन चढवते. सात किलो.
बारा वर्षांचा हिशेब पाठीनं ठेवलाय.
मनगटातून तार आत जाते, कोपर, खांदा,
पुढे वळण घेऊन हृदयाच्या दारापाशी,
आणि डाव्या अंगाच्या मोठ्या धमनीत
रंग सोडायच्या आधीच दिसतो चुना :
दोन्ही काठांनी साचलेली दाट सावली.

फुगा फुगवला. डमरू झाला.
टोकं फुगली, कंबर हलायला तयार नाही.
सोळा. अठरा. वीस.
वाघचौरे मॅडम म्हणाल्या, बास,
आता रेटलं तर चुना राहील आणि नस फाटेल.

बाहेर मुलाला सांगितलं मीच :
एक हिऱ्याच्या कणांचं गिरमिट असतं,
मिनिटाला दीड लाख फेरे, खरवडत जातं.
ते आज कपाटातच राहू दे.
दुसरा एक फुगा आहे, पोटात ठिणगी पडणारा.
पाण्यातून धक्का जातो. मऊ मांसाला दुखत नाही,
चुन्याला तेवढे तडे जातात.
‘योजनेत बसतो?’
नाही बसत.
त्यानं खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला
आणि न वाचता सही केली.
(दुकान आता स्टीलचं आहे, हे त्यानं न विचारता सांगितलं.)

एका फेरीला दहा ठोके, सेकंदाला एक.
मग फुगा सोडायचा, रक्ताला वाट द्यायची, पुन्हा.
मशीनचा आवाज म्हणाल तर टिक्,
एसीच्या घरघरीत विरून जाणारा.
मॉनिटरवर मात्र हृदयानं
मधले दोन-तीन ठोके आपलेच समजून घेतले.
चौथ्याला माझं लक्ष गेलं
हिरव्या चादरीबाहेरच्या तर्जनीकडे.
टेबलाच्या कडेवर : ठक्. ठक्. ठक्.
माझ्या मोजणीच्या पुढे नाही, मागे नाही.

दहा झाले. मी थांबले. बोटही थांबलं.
आणि बहिरी माणसं बोलतात तशा चढ्या आवाजात
सगळी लॅब दचकली :
‘कोण बसलंय मठारायला?
हात बरा आहे. पण एकाच जागी नको,
सरकवत न्या.’

मॅडम तेव्हा तेच करत होत्या,
फुगा दोन मिलिमीटर पुढे.
मास्कमागं त्या हसल्या असाव्यात, खांदे हलले.
मी काचेआडून अंगठा दाखवला.
त्यांनी पाहिला की नाही, ठाऊक नाही.

सहाव्या फेरीत कंबर सुटली.
काही आवाज नाही, काही नाही.
डमरूची सुरई झाली, एवढंच,
नि रंग सरळ खाली उतरला, अडखळ न घेता.
स्टेंट बसला. बिल बसलं.
माझा डबा साडेतीनला उघडला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मला खुणेनं बोलावलं.
माझा उजवा हात उलटा करून पाहिला,
घट्टे शोधत. नव्हते.
‘ठोकत राहिलं की तांबं ताठतं,’ ते म्हणाले,
‘मग भट्टीत घालून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं.
इथं भट्टी कुठाय?’
मला उत्तर सुचलं नाही,
सुचलं असतं तरी ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.
पथ्याचा कागद हातात दिला.

संध्याकाळी होळकर पुलावर स्कूटर थांबवली.
खाली गोदावरीच्या तळातलं काँक्रीट फोडत होते,
ब्रेकरचा दणका पुलाच्या कठड्यापर्यंत येत होता.
शेजारी उभा चणेवाला म्हणाला, खाली झरे आहेत म्हणतात.
मी मोजू लागले, सवयीनं,
दहापर्यंत.
तो काही थांबला नाही.