चौऱ्याण्णव

पैसे हजाराचे घेतात, पोचतात चौऱ्याण्णव.
त्र्याण्णव नाही, पंच्याण्णव नाही.
मोजलं सकाळी, मोजलं शेगडीत बर्चची लाकडं सारून झाल्यावर,
मोजलं रात्री, जेव्हा हापसालूत
गोठलेल्या खाडीशिवाय कुणी कुरकुरत नाही.
चौऱ्याण्णव.

राउटर माझा घरचा आहे.
शाळेनं भंगारात काढलेला संगणक,
त्यात दोन तोंडांचं नेटवर्क कार्ड,
पंख्याला शिवणयंत्राचं तेल.
तार्मो ताल्लिनहून म्हणाला, आई, साठ युरोत नवा मिळतो.
मिळतो. नवी आईही मिळेल, बघ चौकशी करून.

आधी मी कंपनीवर संशय घेतला.
कारेल आला, बूट दाराशी काढून, मोजेही ओले,
भिंतीवरच्या डबीला त्यानं आपलं यंत्र लावलं:
नऊशे एकेचाळीस.
"बाई, इथवर भरून येतंय," तो म्हणाला,
"पाणी मुरतंय ते तुमच्या घरात."
कॉफी पिऊन गेला. दोष ठेवून गेला.

मग नियमांवर.
फायरवॉलचे एकशे बारा नियम, हिवाळाभर लिहिलेले,
कुणाला आत घ्यायचं, कुणाला उंबऱ्यावरून परत धाडायचं.
एकेक पुसला. पाच मिनिटं घर सताड उघडं टाकलं.
किती भीती वाटली, सांगत नाही.
चौऱ्याण्णव.

मग प्रोसेसर. चार कोअर.
वाटलं, भरल्या घरासारखं असेल,
एक राबतोय, तिघे पाटावर.
पाहिलं तर चौघंही उन्हाला बसल्यागत रिकामे.
कामच पोचत नव्हतं त्यांच्यापर्यंत.

तेव्हाच कळायला हवं होतं मला.
चोवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसले,
दोऱ्या खोचत, दोऱ्या उपसत:
मासळी कारखाना, प्रसूतिगृह, लेनिनग्राद.
खरखर ऐकून सांगायची, कुठल्या खांबावर बर्फ बसलाय.
माझ्या हातचा सांधा कधी सुटला नाही
असं मीच सांगत आले;
खोडून काढणारी मंडळी आता चर्चमागे झोपलीत.

चौथ्या रात्री आकड्याकडे नुसती बघत बसले.
गळणारं, थकलेलं, गर्दीनं मंदावलेलं
रोज थोडं वेगळं असतं.
हा हलतच नाही, म्हणजे हा ठरलेला आहे.
दोन यंत्रं भेटली की आधी ठरवतात
किती वेगानं बोलायचं.
यांचं शंभरावर ठरलं होतं.
हजाराला आठ तारा लागतात. शंभराला चार पुरतात.

टेस्टरचे दिवे: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा,

काळोख,

आठ.

सातवी. पांढरी, तपकिरी पट्ट्याची.
ऑक्टोबरात मीच दाबून बसवलेलं टोक,
मोतीबिंदू काढण्याच्या आधीचा आठवडा,
चष्मा कपाळावर, मनात गुर्मी.
तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती,
तिळाएवढं अंतर.
आणि बाकीच्यांनी तक्रार न करता
चारांवर संसार भागवला.

कापलं. सोललं. आठही सरळ केल्या,
बोटांना विचारत.
क्लिक.
नऊशे एकेचाळीस.

रात्रीचे दोन. उतरवून घ्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.
काळा पाव कापला, लोणी लावलं.
हजारातले एकोणसाठ तरी राहिलेच,
पण ते कुठे जातात हे मला कुणी शिकवायला नको:
प्रत्येक पाकिटावर कुणाचं, कुणाकडे, एवढा मजकूर,
दोन पाकिटांमध्ये श्वासाएवढी जागा.
आम्हीही तेवढं कापून घ्यायचो.
हॅलो. कोण हवंय? थांबा, जोडते.

तार्मोला कळवलं नाही.
विचारलंच तर सांगेन,
पंखा साफ केला.