चोवीस अंशांची खोली

गच्चीवर, जिथं आपण मोडका कूलर
आणि जगून न जगलेल्या कुंड्या ठेवायचो,
तिथं अंबडहून आलेल्या रईसभाईनं टेप टाकला.
चौदा बाय अकरा.
मग पेन कानावर अडकवत विचारलं,
"काकू, ऊन कुठल्या बाजूचं हवंय?"

एकसष्ट वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
देवळालीच्या क्वार्टरमध्ये ऊन फक्त मोरीत यायचं,
तिथंच उलट्या बादलीवर बसून
मी मॅट्रिकचं बीजगणित केलं.
"सकाळचं," मी म्हणाले,
"आणि संध्याकाळचं अर्धा कप."
तो हसला नाही. लिहून घेतलं.

कोटेशन आलं: दुहेरी काच, मधे हवेचा थर,
यूपीव्हीसी चौकट, दीड टनाचा एसी
गरम-थंड दोन्ही, जीएसटी वेगळा.
उन्हाचे पैसे लावले नव्हते.
खाली ठळक अक्षरांत: वर्षभर वापरता येईल.
"बारमाही विहीर ऐकली होती," विमलवन्सं म्हणाल्या,
"बारमाही खोली कधी ऐकली नाही बाई."

पण तुमचा दमा होता.
आणि छत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये
कागद आखडू नये म्हणून तुम्ही हवा सांभाळली होती.
"माणूसही कागदच," तुम्ही म्हणालात,
आणि एफडी मोडलीत.

जानेवारीत निफाडचा पारा साडेपाचवर आला,
पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो.
तुम्ही आत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात,
माकडटोपी घातलेल्या पिंपळसेंना काचेतून हात करत.
पंप टेबलावर नुसता पडून. झाकणावर धूळ.
ती धूळ मी मुद्दाम पुसली नाही.

ऑगस्टात पाऊस दिसायचा, ऐकू यायचा नाही,
कुणी टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखा.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्याचा फोन आला
तेव्हा आपण चोवीस अंशांत पोहे खात होतो,
आणि माझ्या अंगावर काटा आला नाही.
काही केल्या येईना.

तेव्हापासून पहाटे, तुम्ही उठायच्या आधी,
उत्तरेची काच मी दोन बोटं सरकवायचे.
मखमलाबादकडून फवारलेल्या गंधकाचा वास यायचा,
कुणाची तरी करपलेली भाकरी,
चामरलेण्याच्या अंगानं उतरलेला गारवा
थेट मनगटावर.
मग लावून टाकायचे. बिल चार हजारांवर गेलं
तेव्हा तुम्ही मीटरवाल्याला नावं ठेवलीत.
मी ठेवू दिली.

एप्रिलमध्ये तीन तास वीज गेली.
खोलीचा तंदूर झाला. तुम्ही खाली गेलात,
स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर उताणे.
मी मात्र चीक शिजवला, सोऱ्या वर नेला,
आणि वेताच्या खुर्च्यांवर जुनी धोतरं टाकून
अख्ख्या खोलीभर कुरडया घातल्या.
ना कावळा, ना धूळ, ना राखण.
तुमचं थर्मामीटर त्रेचाळीस दाखवत होतं.
वर्षभर वापरता येईल,
रईसभाई खोटं बोलला नव्हता.

मे महिन्यात तो सर्व्हिसिंगला आला.
सिलिकॉन पाहिलं, फिल्टर धुतला,
मग उत्तरेच्या खिडकीशी उकिडवा बसून
खालच्या पट्टीवरून नख फिरवत म्हणाला,
"बाकीच्या नव्या आहेत. हीच घासलीय.
ही काच रोज कोण उघडतं?"

मी त्याच्यासाठी पिशवीत कुरडया भरत होते.
एकदम मोजायला लागले.
अकरा, बारा.

"मी उघडतो," तुम्ही म्हणालात.
"रात्री. ही झोपल्यावर.
थोडीशीच."

तेरा, म्हणाले मी,
आणि पुढचा आकडा आठवेना.