ओढ, अठ्ठावीस इंचांवर

आधी मी नाव विचारत नाही,
माणसाचं किंवा धनुष्याचं.
आधी काउंटरवर टॉवेल पसरतो,
मग म्हणतो, ठेवा.

ऐला कांगसनं कॅनव्हासची पिशवी ठेवली.
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी चालली होती,
सुपीरियर सरोवराकडून वारा,
दुकानाच्या काचा थरथरत होत्या.
पिशवीत एक मूठ आणि सहा पाती.
सहा? मी विचारलं.
रेनोकडे कशाचीच एक जोडी कधी नव्हती,
ती म्हणाली, बूट सोडून.

मूठ मेपलची, मधून अक्रोडाची काळी पट्टी.
कंपनीचं पदक गळून पडलंय,
त्या जागी नाण्याएवढा खळगा.
साल ओळखायची सगळ्यात सोपी खूण, तीच नाही.
मग उरतं ते बारीक वाचन:
बोल्ट पितळेचे की पोलादाचे,
बाण टेकतो त्या कडेची गोलाई,
वार्निशखाली पांढऱ्या शाईतला आकडा,
त्यातल्या तिनाची अर्धवट सोडलेली शेपटी.
त्या कारखान्यात आकडे घालणारी बाई एकच होती,
असं माझा बाप सांगायचा.
बाप बरंच काही सांगायचा.

एक डोळा मिटून मी पात्याच्या टोकाकडून बघतो,
पीळ पडलाय का.
कडेवरून कापसाचा बोळा फिरवतो;
काचतंतूला तडा असेल तर कापूस अडकतो.
कापूस खोटं बोलत नाही. विकणारा बोलतो.
घेणारा तर त्यासाठीच स्टुलावर बसलेला असतो.

पहिली जोडी, ओढ पंचावन्न पौंड, अठ्ठावीस इंचांवर.
नंबर मुठीशी जुळतात,
पण खालच्या पात्याचे थर नखभर सुटलेत.
दुसरी पंचेचाळीस, नंतर मागवलेली.
तिसरी बत्तीस.
मी मनात एक माणूस उतरत्या क्रमानं लावला.
खांदा गेला असेल त्यांचा, म्हणालो, शेवटी शेवटी.
असं बोललं की भाव पाडणं जरा सोपं जातं.

मूठ, पदकाविना, दोनशे दहा.
पंचावन्नची जोडी फक्त भिंतीवर लावायला, साठ.
पंचेचाळीसला गिऱ्हाईक आहे, एकशे चाळीस.
बत्तीसला इथं कुणी विचारत नाही, बाई,
हरणाला त्यानं गुदगुल्या होतील.

खांद्याला काय झालं होतं, ती म्हणाली.
मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत लाकडं फोडत होता.
बत्तीस माझी.
एकच मूठ होती घरात.
त्याचे सहा बाण झाले की मी बोल्ट सोडायची,
पाती बदलायची, माझे सहा.
तोवर तो कॉफी प्यायचा आणि चुका काढायचा.

मुठीवर दोन जागी चकाकी होती.
एक वर, अंगठ्याच्या बेचक्यात,
एक बोटभर खाली.
मघाशीच दिसली होती मला.
आधीचा कुणी मालक असेल, असं धरून चाललो होतो.

पायात अडकवून चढवू नका, म्हणणार
तेवढ्यात तिनं पिशवीतून पट्टा काढला,
बत्तीसची पाती बसवली, दोरी चढवली,
आणि सायकलींच्या टायरांकडे तोंड करून ओढली.
गालापर्यंत.
तिचं कोपर थरथरलं, पाती नाही.
बाण नसताना दोरी सोडायची नसते;
तिनं ती हळूहळू परत नेली, इंच इंच,
झोपलेल्या पोराखालून हात काढावा तशी.

मग घासाघीस सुरू झाली.
दोन माणसांची मूठ आहे, दोनशे चाळीस.
मी म्हणालो, पदक नाही.
ती म्हणाली, पदक रेनोनंच पाडलं, दगडावर,
त्याचे वेगळे मागत नाहीये.
दोनशे पंचवीसला तुटलं.
बत्तीसची जोडी तिनं फुकट ठेवली,
पिशवी मात्र नेली.

चिठ्ठीवर मी लिहिलं: मेपल, अक्रोड,
पात्यांच्या तीन जोड्या, एक सदोष.
झीज, मुठीवर, दोन जागी.
दरपुस्तकात झिजेचे पंधरा वजा होतात.
तेही लिहिलं,
पण पेन्सिलीनं.