चिंचेपासून उजवीकडं

कणकुंबीची गाडी नुकतीच गेली
आणि पुढची अडीचला,
कंट्रोलर म्हणाला, आधी कन्नडात,
मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत.
म्हणून खानापुरात
तीन तास मी विनाकारण श्रीमंत.

दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं
गोल करून गप्पा मारत बसलेली.
मी शेजारून गेले, थांबली नाहीत.
मला वाचता येत नाहीत.
येत असती तर मी
एवढा वेळ बघितलं असतं का त्यांच्याकडं?

स्टँडामागं गल्ली उतरते.
जांभ्याच्या पायऱ्या झिजून बशीएवढ्या खोल,
एकीत पाणी, त्यात चोच बुडवणारा कावळा.
खाली पडलेल्या एका कौलावर
कारखान्याचं नाव, अर्धं शेवाळानं खाल्लेलं,
उरलेलं अर्धं कुणाच्याही आडनावाला लागू पडेल असं.

सायकलची ट्यूब पाण्यात धरून
बुडबुडा शोधत बसले होते भरमाण्णा
(नाव मागून कळलं, कुणीतरी हाक मारली तेव्हा).
नदी कुठं?
त्यांनी वर न बघता सांगितलं,
‘चिंचेपासून उजवीकडं वळा.
मग पास्कूची पावाची भट्टी.
वास आला की डावीकडं.
पुढं उतारच की वो, पाय आपसूक जातात.’

गल्ली मी दोनदा चालले.
शेवगा होता, एक फणस,
पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया होत्या.
चिंच नव्हती.
तिसऱ्या खेपेला दप्तर डोक्यावर घेतलेली एक पोरगी
फिसकन हसली,
‘कवाच पाडलीया ती. मी व्हायच्या आधी.’
आणि जाता जाता रस्त्याच्या मधोमध
कशाला तरी वळसा घालून गेली.

तेव्हा दिसलं.
सपाट डांबर, खड्डा नाही, दगड नाही,
आणि तरी रस्ता तिथं पोटात घेतल्यासारखा वाकलेला.
मागून पाव विकणारा आला, सायकल तिरकी करून गेला.
एक म्हैस आली.
म्हशीनंसुद्धा वळसा घातला.
मी मात्र मधूनच सरळ गेले, परकी,
आणि उगीच चप्पल काढावीशी वाटली.

पास्कूच्या भट्टीत आता मोबाईलची कव्हरं.
काउंटरवरचा इनास, त्याचा नातू की पुतण्या,
म्हणाला, ‘वास? भिंत ओली झाली की येतो कधीकधी.’
भिंत कोरडी होती.
मी अंदाजानं डावीकडं वळले.

मलप्रभा इथं अजून तरुण आहे,
आवाज मोठा, पाणी घोट्याएवढं.
मी जिच्या उगमाकडं निघाले होते
ती अशी मधेच, साबणाच्या फेसासकट भेटली.
काठावर मल्लव्वा वाकळ आपटत होती.
‘कुणाकडं आलाय?’
कुणाकडं नाही.
‘म्हंजे?’
सहज. फिरायला.
हे तिला पटलं नाही.
रिकाम्या हातांचं काहीतरी करायला हवं
असं बघून तिनं वाकळेचं एक टोक पुढं केलं,
‘धरा हे.’

ती एका बाजूनं पिळू लागली, मी दुसऱ्या.
वाकळेत हिरवं एक लुगडं, शाळेचा एक खाकी शर्ट,
कुणाच्या लग्नातला गुलाबी काठ,
सगळ्यांतून एकच पाणी निघालं, तांबूस.
मनगटं दुखली.
‘अजून,’ ती म्हणाली.
वर कुठंतरी अडीचचा हॉर्न वाजला
आणि माझ्या हातात वाकळ होती.

चढताना एका मोटरसायकलवाल्यानं विचारलं,
स्टँडला कसं जायचं?
‘चिंचेपासून डावीकडं,’ मी म्हणाले.
त्यानं मान हलवली आणि गेला.
कुठली चिंच, ते विचारलं नाही.

कणकुंबी राहिलीच.
शेवटच्या गाडीत कंडक्टरनं सुट्टे मागितले,
तर बोटं अजून सुरकुतलेली,
आणि नाणी ओली.